साथीच्या काळात साथ

मराठीत ‘साथ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक रोगाची साथ, दुसरी माणसाची. पहिली आली की दुसरी सुटते, हा जुना अनुभव आहे. ती सुटू नये म्हणून काय करता येते, ते या पानावर सांगते. आपल्यापैकी अनेक छात्र उद्या गणवेशात अशा एखाद्या गावी पाठवले जातील.

उदाहरण केरळचे घेते. मे २०१८ मध्ये कोळिकोड जिल्ह्यात निपाहची साथ आली. फळे खाणाऱ्या वटवाघळांकडून माणसात येणारा हा विषाणू. त्यावर लस नाही आणि खात्रीचे औषधही नाही. त्या साथीत १७ जण दगावले. पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयातल्या परिचारिका लिनी पुदुशेरी यांना रुग्णाची सेवा करतानाच लागण झाली आणि २१ मे रोजी त्या गेल्या. दोन लहान मुले मागे राहिली. संसर्गाच्या भीतीने पार्थिव घरीसुद्धा नेता आले नाही. त्यांच्या सहकारी परिचारिकांशेजारी बसमध्ये बसायला लोक तयार नव्हते, अशा बातम्या त्या दिवसांत येत होत्या.

विषाणू मोजक्या लोकांपर्यंत पोचला, भीती मात्र घरोघर गेली. रुग्णांच्या संपर्कात आलेल्या दोन हजारांहून अधिक लोकांवर आरोग्य खात्याने नजर ठेवली. संपर्कातल्या माणसाने २१ दिवस घरात वेगळे राहायचे. कल्पना करा: जरा अंग तापले की मृत्यू आठवतो. आपल्यामुळे मुलांना लागण होईल, ही टोचणी झोपू देत नाही. रोजंदारी बुडालेली, शेजारी दार लावून बसलेले, आणि घरात कुणी गेले असेल तर त्याला शेवटचे पाहताही आलेले नाही. अशा वेळी झोप उडणे, छातीत धडधडणे, चिडचिड होणे हा मनाचा आजार नसतो. असामान्य परिस्थितीत सामान्य माणूस असाच वागतो.

मग केले काय? अगदी साध्या गोष्टी. निरीक्षणाखालच्या कुटुंबांना शिधा पोचवला. ताप आहे का, हे विचारायला रोज फोन केला. मला स्वतःला तांदळाची पिशवी हेसुद्धा मानसिक आधाराचे काम वाटते. चूल पेटण्याची काळजी असलेल्या माणसाला दीर्घ श्वास घ्यायला सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा केरळने हेच काम राज्यभर वाढवले. योजनेचे नाव ‘ओट्टक्कल्ल ओप्पमुंड’, म्हणजे ‘तुम्ही एकटे नाही, आम्ही सोबत आहोत’. विलगीकरणातल्या माणसाने फोन करण्याची वाट न पाहता समुपदेशकच त्याला फोन करीत. यातली खरी मेख इथे आहे. खचलेला माणूस सहसा स्वतःहून मदत मागत नाही.

फोनवर किंवा दारात बोलायचे काय, याचीही रीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. ती डॉक्टरांपुरती नाही, थोडे प्रशिक्षण घेतलेला कुणीही ते करू शकतो. तिचे सूत्र आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. कुणाला तातडीची गरज आहे ते पाहा. ऐकताना खोदून विचारू नका. ज्याला बोलायचे नाही त्याच्याजवळ गप्प बसणे चालते. “काही होणार नाही, धीर धरा” असे म्हणू नका, कारण ते तुम्हाला ठाऊक नसते. जे ठाऊक आहे तेवढेच सांगा: तपासणीचा निकाल कधी मिळेल, जेवण कोण आणेल, घरच्यांशी कसे बोलता येईल. मग त्याला त्याच्या माणसांशी, गरज असेल तर डॉक्टरांशी जोडून द्या.

गणवेशातल्यांनी एक जुनी गोष्ट लक्षात ठेवावी. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. घरे तपासायला गोरे सैनिक पाठवले गेले. रोगी वेगळे ठेवण्याचा हेतू वैद्यकीय होता, पण ते घरात शिरले तेव्हा देवघर पाहिले नाही की माजघर. परिणाम असा की लोक रोगी लपवू लागले, आणि लपवलेला रोगी साथ वाढवतो. त्याच पुण्यात त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांना मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या, दवाखान्यात पोचवत होत्या. त्यातच लागण होऊन १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

सैन्याचे दुसरे रूपही आपण पाहिले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये वुहानहून आणलेल्या सुमारे अडीचशे जणांना लष्कराने मानेसरच्या छावणीत ठेवले होते. मास्क लावून नाचणाऱ्या तिथल्या मुलांची चित्रफीत अनेकांना आठवत असेल. विलगीकरण तेच, पण धाक नव्हता.

आपल्या वसतिगृहातही कांजिण्या किंवा गालगुंड येतात आणि एखादा छात्र आठवडाभर एम. आय. रूममध्ये एकटा पडतो. त्याला टोपणनाव पाडू नका. वर्गात काय शिकवले ते चिठ्ठीत लिहून पाठवा, सामन्याचा निकाल कळवा. पालकांनी फोनवर आधी त्याचे ऐकावे. रडू आले तर येऊ द्यावे. “सैनिक रडत नाहीत” हे वाक्य निदान त्या आठवड्यात बाजूला ठेवावे. भूक आणि झोप दोन आठवड्यांनंतरही परतली नाही, किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा एकदा जरी कानावर आली, तरी गृहपाल, डॉक्टर किंवा माझ्याकडे लगेच या. अशी गोष्ट गुपित ठेवायची नसते. शाळेबाहेर असाल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो, आणि तिथे मराठीतही बोलता येते.