ओल्या रानांत पीक तहानेलें कां राहतें ?

जमिनींत ओल असूनहि ऊस कोमेजतो, ही तक्रार कालव्याखालच्या गांवीं नवी नाहीं. पाणी कमी पडलें असें समजून शेतकरी आणखी एक पाळी देतो, आणि पीक अधिकच पिवळें पडतें. याचें कारण मुळाच्या पेशींत आहे.

पेशी या शब्दानें कोणी बिचकूं नये. १६६५ सालीं रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून त्यांतील घरांचें वर्णन प्रसिद्ध केलें. तीं मेलेलीं, रिकामीं घरें होतीं. जिवंत पेशी रसानें भरलेली असते. तिच्या बाहेरील भिंतींतून पाणी व क्षार बिनदिक्कत जातात. खरी राखण करितो तो भिंतीच्या आंतला अतिशय पातळ, स्निग्ध पापुद्रा. पाण्यास तो वाट देतो, मिठासाखरेस सहसा देत नाहीं. पाण्यासाठीं त्यांत प्रथिनांच्या निराळ्या नळ्याच आहेत. त्यांच्या शोधाबद्दल अमेरिकेचे पीटर आग्रे यांस २००३ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

अशा पापुद्र्यांतून पाणी पातळ द्रवाकडून दाट द्रवाकडे जातें. यास परासरण म्हणतात. कैरीच्या फोडींस मीठ चोळलें कीं पाणी सुटतें आणि मनुका पाण्यांत टाकल्या कीं फुगतात, तें यामुळेंच. बटाट्याचे दोन काप करून एक साध्या व एक मिठाच्या पाण्यांत तासभर ठेवावा. पहिला ताठ होतो, दुसरा लुळा पडतो. लोणच्याची बरणी भरणाऱ्या गृहिणीस हें शास्त्र पाठ आहे, नांव तेवढें ठाऊक नसतें.

मुळांतील रस जमिनींतील पाण्याहून दाट असतो, म्हणून पाणी आंत येतें. दिवसा पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाची ओढ त्यास जोर देते. जमिनींतील पाणीच खारट झालें, तर हा फरक घटतो. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत्वाहकता ४ डेसिसायमन प्रतिमीटर झाली, कीं क्षारांचा अडसर सुमारें दीड वातावरण दाबाइतका होतो, आणि रान वाळूं लागलें कीं तो वाढतच जातो. मुळाजवळ टाकलेल्या जादा खतानें रोप करपतें, त्याचेंहि मूळ येथेंच आहे.

अन्नद्रव्यांची गोष्ट निराळी. पालाश पेशींत बाहेरच्यापेक्षां किती तरी पट अधिक असतें, तरीहि मूळ तें आंत ओढतें. चढावर ओझें नेण्यासारखेंच हें काम. त्यास शक्ति लागते, आणि शक्तीसाठीं मुळास श्वास घ्यावा लागतो. रान तुंबलें कीं हवा संपते, ओझें वाहणें थांबतें, शिवाय पाण्याच्या नळ्याहि मिटूं लागतात. मग पाण्यांत उभें असलेलें पीक तहानेनें माना टाकतें.

नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास सुरूं झालें. पुढें खोल काळ्या रानांत भूजल वर चढलें, पाणी उडून गेलें, क्षार माथ्यावर राहिले, आणि चांगलीं रानें खारवट झालीं. अशा रानास नुसतें पाणी पाजून भागत नाहीं. आधीं चर काढून पाण्यास बाहेरची वाट द्यावी, मग चांगल्या पाण्यानें क्षार धुवावे. चोपण जमिनीचा रोग निराळा आहे. तेथें सोडियमामुळें माती बसते, म्हणून माती तपासून जिप्समहि घालावा लागतो.

चराचें काम एका शेतकऱ्याच्या बांधावर संपत नाहीं, खालच्या शेजाऱ्याची संमति लागते. तोंवर पीक पाहून निवडावें. उत्पन्न घटूं लागण्याची मर्यादा कांद्यास १.२, उसास १.७, गव्हास ६ व कापसास ७.७ डेसिसायमन अशी साधारणपणें धरितात. मात्र उगवणीच्या वेळीं कापूसहि नाजूक असतो. म्हणून निचरा असेल तेथें पेरणीपूर्वीं एक भरपूर पाणी देऊन वरचे क्षार खालीं उतरवावे आणि वाफसा येतांच बीं टाकावें.