भिंत लूव्रची, मांडणी मोर्सची

तारघरातला ‘कडकट्ट’ ज्याच्या नावाने वाजायचा, तो सॅम्युअल मोर्स मूळचा चित्रकार. व्यक्तिचित्रं करून पोट भरायचा. १८३१ साली, चाळिशीत, त्याने पॅरिसमध्ये सहा फूट उंच, नऊ फूट रुंद कॅनव्हास ताणला आणि लूव्र संग्रहालयाचं ‘सालों कारे’ हे दालन रंगवायला घेतलं.

चित्रात भिंत म्हणून दिसतच नाही. चौकटीला चौकट भिडवून पार वरपर्यंत टांगलेली ३८ चित्रं. व्हेरोनेझेचा तीसेक फुटी ‘काना गावचा विवाह’ डाव्या भिंतीवर तिरका होऊन आक्रसलाय. आणि मोनालिसा? ती खालच्या रांगेत, चारचौघींसारखी. आज तिच्यासमोर मोबाईल उंचावणाऱ्यांना हे पटायचं नाही.

गंमत म्हणजे अशी भिंत लूव्रमध्ये नव्हतीच. त्या दालनात तेव्हा समकालीन फ्रेंच चित्रं होती. मोर्सने लूव्रभर हिंडून जुन्या उस्तादांची आपल्या आवडीची चित्रं निवडली, उंच घोडीवर चढून त्यांच्या नकला उतरवल्या आणि कॅनव्हासवर एकाच खोलीत आणून टांगल्या. १८३२ मध्ये पॅरिसला कॉलऱ्याने वेढलं, तरी हा घोडीवरच. सोबतीला येऊन बसणाऱ्या कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपरला डाव्या कोपऱ्यात बायको-मुलीसह जागा मिळाली. मधोमध शिष्येच्या खांद्यावरून वाकलेला मोर्स स्वतः. खरं सांगायचं तर ही माणसं जरा ठोकळेबाज वाटतात. जीव आहे तो भिंतीवरच्या चेहऱ्यांत.

लूव्र गाठणं ज्यांना शक्य नव्हतं, त्या अमेरिकन लोकांसाठी हा खटाटोप होता. १८३३ मध्ये न्यूयॉर्कला २५ सेंट तिकीट लावून चित्र मांडलं. जाणकारांनी वाखाणलं, गर्दी मात्र फिरकली नाही. पुढच्या वर्षी ते १,३०० डॉलरला विकावं लागलं. (१९८२ मध्ये त्याचेच साडेबत्तीस लाख डॉलर आले. तोवर कुठल्याच अमेरिकन चित्राला एवढी किंमत मिळाली नव्हती.)

हे चित्र अर्धवट घेऊन १८३२ मध्ये ‘सली’ जहाजाने परतताना सहप्रवाशांत विजेच्या गप्पा रंगल्या आणि मोर्सच्या डोक्यात तारायंत्र शिरलं. पुढच्या काही वर्षांत त्याने पहिला नमुना जुळवला. यंत्राला सांगाडा हवा होता, तेव्हा त्याने स्टुडिओतच हात घातला आणि कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट टेबलाला ठोकली.