अण्णाभाऊंना गाणं सुचलं गिरणगावात

शाहीर अण्णाभाऊ साठे जेमतेम दीड दिवस शाळेत गेले. वाटेगावहून मुंबईत आल्यावर गिरणीतही राबले.

त्याआधी शाहीर पठ्ठे बापूरावांनी मुंबईचा थाट लावणीत रंगवला होता. अण्णाभाऊंनी त्याच शहरावर दुसरी लावणी रचली आणि मलबार हिलच्या श्रीमंतीसमोर परळचे कष्टकरी उभे केले. जुन्या गाण्याला नव्या गाण्यानं उत्तर देण्याची शाहिरांची ही रीत केवढी देखणी!

‘माझी मैना’ या छक्कडीचं बीज तर लालबाग-परळच्या खोल्याखोल्यांत होतं: नवरा मुंबईत, बायको गावी. त्याच विरहाला त्यांनी संयुक्त महाराष्ट्राचा लढा जोडला. महाराष्ट्रापासून झालेली बेळगाव-कारवारची ताटातूट त्यात आली. १९४४ साली अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्यासह उभारलेल्या लाल बावटा कलापथकानं अण्णाभाऊंची शाहिरी कामगारवस्त्यांत पोचवली.