आकाशातून आलेला हुकूम: ‘ए फॉर अँड्रोमेडा’ची पात्रं

भिलाईहून बोलतोय. आज एका जुन्या ब्रिटिश विज्ञान मालिकेतली माणसं ओळखून घेऊ. मालिका ‘ए फॉर अँड्रोमेडा’, बीबीसीची, १९६१ची, सात भागांची. कथा खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांची, लेखनात जॉन एलियट यांची साथ. हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. मालिका लागली तेव्हा नारळीकर त्यांच्याच हाताखाली संशोधन करत होते. विज्ञानकथेचा नादही नारळीकरांनी पुढे मराठीत चालवला, हे आपण जाणतोच.

कथा थोडक्यात सांगतो. रेडिओ दुर्बिणीला अँड्रोमेडाच्या दिशेकडून संदेश मिळतो. त्यात एका संगणकाचा आराखडा असतो. सरकार तो संगणक स्कॉटलंडमधल्या लष्करी तळावर बांधतं. मग संगणकच पुढच्या सूचना देऊ लागतो.

फौजेत वायरलेसवर हुकूम आला की आधी सांकेतिक शब्द विचारतात. पाठवणारा आपला आहे याची खात्री झाल्याशिवाय पाऊल उचलायचं नसतं. इथे तेच विचारायचं राहून जातं. बघा, कोण कसं वागतं.

जॉन फ्लेमिंग (पीटर हॅलिडे) संदेश उलगडतो आणि धोकाही पहिल्यांदा त्यालाच दिसतो. मॅडलिन डॉने (मेरी मॉरिस) जीवशास्त्रज्ञ. संगणकाच्या सूत्रावरून ती प्रयोगशाळेत जीव घडवते. कुतूहलापुढे तिला धोका दिसत नाही. डेनिस ब्रिजर (फ्रँक विंडसर) गुपितं एका कंपनीला विकतो. त्या काल्पनिक कंपनीचं नाव ‘इंटेल’! खरी इंटेल निघाली १९६८ साली. सरकारी मंडळींना हवी असतात क्षेपणास्त्रं, आणि संगणक ती आखून देतो. मग शंका कोण काढणार?

ज्युली ख्रिस्तीच्या दोन भूमिका आहेत. ख्रिस्टीन ही सहायक संगणकाच्या विजेच्या धक्क्याने मरते. पुढे तिच्याच रूपाची अँड्रोमेडा घडवली जाते. ज्युलीचा जन्म आसामातल्या चबुआजवळच्या चहामळ्यातला. हवाई दलाच्या तळामुळे चबुआ फौजींना ठाऊक असतं. पुढे ‘डार्लिंग’साठी तिला ऑस्कर मिळालं. शेवटी फ्लेमिंग कुऱ्हाडीने संगणक फोडतो.

भिलाईत आराखडे बाहेरूनच आले होते. १९५५मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. पण नकाशांबरोबर सोव्हिएत इंजिनिअरही आले होते. शंका आली तर समोरच्या माणसाला विचारता येत होतं. अँड्रोमेडाच्या आराखड्याबद्दल कोणाला विचारणार?

आज संगणक युद्धात लक्ष्य सुचवू लागले आहेत. म्हणून ही साठ वर्षांपूर्वीची माणसं मला ओळखीची वाटतात. गोळी चुकीच्या घरावर पडली तर अधिकाऱ्याला चौकशीपुढे उभं करता येतं. यंत्राला करता येत नाही. तेव्हा यंत्राचा सल्ला जरूर घ्यावा, पण हुकमाखाली सही माणसाची हवी, आणि त्या माणसाला ‘नाही’ म्हणायची मुभाही हवी.

मालिकेच्या बहुतेक टेपा नष्ट झाल्या. सहावा भाग मात्र पूर्ण मिळाला आहे. जमलं तर घरच्या तरुण मुलांबरोबर बघा, आणि त्यांना विचारा: फ्लेमिंगच्या जागी तू असतास तर?

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.