वेल्सची जडणघडण : ६
दोन मोडलेले पाय

आज विज्ञानकथाकार एच. जी. वेल्सचे गुरू, जीवशास्त्रज्ञ हक्सली यांच्या वर्गात जाऊन बसायचं ठरलं होतं. पण नाशिकच्या एका वाचकांनी विचारलंय : ‘वेल्सचे वडील क्रिकेट खेळायचे, असं तुम्ही ओझरतं लिहून गेलात. गल्लीतलं की खरंखुरं?’ या प्रश्नाची मी पहिल्या लेखापासून वाट बघत होतो. हक्सलीसाहेब थांबतील आठवडाभर.

तर, खरंखुरं. जून १८६२ मध्ये ब्रायटनला ससेक्सविरुद्ध केंटच्या जोसेफ वेल्सने लागोपाठच्या चार चेंडूंवर चार गडी टिपले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याआधी हे कुणालाही जमलं नव्हतं. त्या चौघांत एक होता स्पेन्सर ऑस्टिन-ली, म्हणजे कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या भाच्याचा मुलगा! इंग्रजी साहित्यातली दोन घराणी अशी बावीस यार्डांवर समोरासमोर आली.

जोसेफची गोलंदाजी आजच्यासारखी नव्हे. हात खांद्याच्या वर न्यायची तेव्हा बंदी होती. तो आडवाच फिरवायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर केंटच्याच एडगर विल्शरने हात वर नेला, तेव्हा पंचांनी ओळीने सहा नो-बॉल दिले आणि गडी मैदान सोडून चालता झाला. नियम बदलला १८६४ मध्ये. क्रिकेटचा विषय निघाला की मला आवरत नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच.

पण चार चेंडूंत चार बळी घेऊन घर चालत नाही. जोसेफ मूळचा माळी. ब्रॉम्लीच्या हाय स्ट्रीटवर त्याने चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान घेतलं होतं, ते कधी धड चाललंच नाही. कपबश्यांच्या शेजारीच बॅटी आणि चेंडूही विकायला असत. उन्हाळ्यात क्रिकेटचे चार पैसे सुटत, त्यावर वर्षाची तोंडमिळवणी. स्वयंपाकघर तळघरात. तिथून वर पाहिलं की जाळीतून दिसायचे रस्त्याने जाणाऱ्या लोकांचे बूट. धाकट्या बर्टीचं, म्हणजे आपल्या वेल्सचं, बालपण या बुटांखाली गेलं.

मग मोडला पहिला पाय. साल १८७४, बर्टी सात वर्षांचा. क्रिकेटच्या मैदानाजवळ खेळत असताना एका दांडग्या तरुणाने लाडाने त्याला वर उडवलं. पोर नेमकं तंबूच्या खुंटीवर आपटलं आणि नडगीचं हाड मोडलं. पुढचे कित्येक आठवडे कोचावर. वडील वाचनालयातून पुस्तकं आणत, त्या तरुणाची आईही खाऊबरोबर पुस्तकं धाडी. त्यात वुडचं प्राण्यांवरचं सचित्र पुस्तक होतं. त्यातल्या गोरिलाच्या चित्राने बर्टीला इतकं पछाडलं, की रात्री अंधारात तो आपल्या मागे लागलाय असं त्याला वाटे. पुढे ‘टाइम मशीन’मध्ये जमिनीखालून जे पांढुरके, माकडासारखे मॉरलॉक वर येतात, त्यांच्यात मला हा गोरिला आणि ते तळघर दोन्ही दिसतात. पुरावा मागू नका, पण दिसतात.

दुसरा पाय वडिलांचा. १८७७ मध्ये द्राक्षाचा वेल छाटताना जोसेफ शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. क्रिकेट कायमचं सुटलं, क्रिकेटचे पैसे गेले, दुकान तर आधीच गळ्याशी आलेलं. १८८० मध्ये आई सारा अपपार्कच्या हवेलीत घरकामाची मुख्य म्हणून राहायला गेली. लग्नाआधी ती तिथेच मालकिणीची दासी होती. घर मोडलं आणि बर्टीला कापडाच्या दुकानात उमेदवारीला चिकटवलं.

चरित्रकार वेल्सचं सगळं श्रेय हक्सलीला देऊन मोकळे होतात. मला ते अर्धंच पटतं. उत्क्रांती हक्सलीने शिकवली, कबूल. पण तिथपर्यंत पोरगा पोचला कसा? १९३४ च्या आत्मचरित्रात वेल्स स्वतःच या दोन मोडक्या पायांचे उपकार मानतो. पहिल्याने पुस्तकांची गोडी लावली. दुसऱ्याने ब्रॉम्लीतून उपटून काढलं. ते घडलं नसतं तर आपण एखाद्या दुकानात झिजून केव्हाच मेलेले नोकर असतो, असा त्याचा सूर आहे.

त्या उमेदवारीतल्या पहिल्या, विंडसरच्या दुकानात गल्ल्याचा हिशेब जुळेना, म्हणून त्याला लवकरच नारळ मिळाला. साउथसीच्या दुकानात मात्र दोन वर्षं काढली; दिवसाला तेरा तास ताग्यांच्या घड्या घालायच्या, रात्री पोरांच्या सामायिक खोलीत झोपायचं. १८८३ मधल्या एका रविवारी न्याहारीही न करता तो निघाला आणि सतरा मैल चालत अपपार्कला पोचला. चर्चहून परतणाऱ्या नोकरमंडळींत आई दिसली. तिथेच त्याने सांगून टाकलं, हे काम मी करणार नाही.

जोसेफ १९१० मध्ये गेला. त्याच वर्षी वेल्सची ‘द हिस्टरी ऑफ मिस्टर पॉली’ आली. तिच्यात बुडीत गेलेला एक दुकानदार स्वतःच्याच दुकानाला आग लावतो आणि गावकरी त्याला शूरवीर ठरवतात! यात ना मंगळवासी, ना यंत्र. तरी ज्यांना वेल्स फक्त विज्ञानकथांपुरता माहीत आहे, त्यांनी ही आधी मिळवून वाचावी. पोट दुखेपर्यंत हसाल.