वर्तुळाला फुटलेले काटे

ठाण्यातल्या एका जुन्या औषध कंपनीने नुकतीच आपल्या नावाची अक्षरं बदलली. सेरिफ गॉथिक नावाचा टाइप गेला आणि हल्ली जिथेतिथे दिसतो तसला गुळगुळीत, बिनसेरिफचा टाइप आला. सेरिफ टाकून देण्याचं हेच काम गूगलने २०१५ मध्ये केलं, बर्बेरीने २०१८ मध्ये. याचं मला दुःख आहे आणि रागही आहे.

हर्ब लुबालिन आणि टोनी डिस्पिग्ना या दोघा अमेरिकनांनी १९७२ च्या सुमारास सेरिफ गॉथिक घडवला. त्याचा रोमन 'ओ' कंपासने काढल्यासारखा गोल. रेघेची जाडी जवळपास सगळीकडे सारखी. एवढंच असतं तर तो कोरडा भूमितीचा धडा झाला असता. पण दांड्यांच्या टोकांना त्यांनी इवलेसे अणकुचीदार काटे, म्हणजे सेरिफ, काढले आणि अक्षरांत जीव आला. छायाचित्रणाने अक्षरं जुळवणाऱ्या फोटोटाइपसेटिंगमुळे शिशाच्या ठोकळ्याचं बंधन सुटलं होतं. अक्षरं एकमेकांना अगदी खेटून बसवता येत होती. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'च्या जाहिरातींत हा टाइप होता. १९७८ च्या 'हॅलोवीन'ची श्रेयनामावली आठवा: काळा पडदा, डावीकडे जळता भोपळा आणि शेजारी नारिंगी सेरिफ गॉथिक. उद्याचं जग आणि अंगावरचा काटा, दोन्ही त्याला पेलत.

आमच्याकडे मुंबईत तो ऐंशीच्या दशकात जाहिरातीच्या कामात रुळला. लेट्रासेटचा, म्हणजे घासून उतरवायच्या अक्षरांचा, ताव आर्टवर्कवर ठेवायचा, बोथट टोकाने अक्षर घासायचं, ताव हलकेच उचलायचा. एखादा काटा तावालाच चिकटून राहिला तर रोट्रिंग पेनने भरून काढायचा. 'ई' सगळ्यात आधी संपायचा. मग 'एफ'ला खालची आडवी रेघ जोडून वेळ भागवायची. अक्षर बोटांखालून जात होतं म्हणून त्याचा प्रत्येक कोपरा ठाऊक असे. आज नमुन्यांच्या यादीतून नाव निवडणाऱ्याला ती ओळख होत नाही.

नव्वदीत सेरिफ गॉथिक जुनाट झाला म्हणून मागे पडला, असं सांगतात. मला ते पटत नाही. १९८६ च्या लेझररायटर प्लस प्रिंटरमध्ये जे पस्तीस टाइप आयते भरून आले, त्यांत लुबालिनचाच अवाँ गार्द होता, सेरिफ गॉथिक नव्हता. जे यंत्रात आयतं मिळालं तेच कागदावर उमटत राहिलं आणि पुढे त्यालाच आधुनिक म्हणायची सवय लागली. आजचा सपाटपणाही त्याच आयतेपणातून आला आहे.

बर्बेरीने २०२३ मध्ये पुन्हा सेरिफची वाट धरली. टाकलेलं परत हवंसं वाटू शकतं. म्हणून तुमच्या कंपनीचं, दुकानाचं, मासिकाचं नाव नव्याने करायला निघाला असाल, तर जुनी अक्षरं पुसण्याआधी ती काढणारा माणूस हयात आहे का, एवढी चौकशी करा आणि त्याला एकदा विचारा.