भाज्यांच्या आठवड्यातला गुरुवार

साडेनऊ. मी अंगणवाडीचं कुलूप काढते तोवर मदतनीस ताई निम्मी वस्ती फिरून आलेल्या असतात; मळ्यातली पोरं दारात जाऊन हाक मारल्याशिवाय निघत नाहीत. पटावर बावीस, आज सोळा. आमच्या जुन्नर तालुक्यात टोमॅटोची तोडणी सुरू झाली की हजेरी अशीच घसरते. आईबाप पहाटेच रानात आणि पोर त्यांच्या मागं.

दहा. गोल करून बसलो. या आठवड्याचा विषय भाज्या. सोमवारी प्रत्येकाला घरून एक भाजी आणायला सांगितली, तर अकरा जणांनी टोमॅटोच आणला. मंगळवारी ढीग लावले: पाल्याच्या, फळांच्या, शेंगांच्या. कांदा कुठल्या ढिगात, यावर भांडण झालं. मी मिटवलं नाही, अजून चालूच आहे. काल डोळे झाकून वास ओळखायचा खेळ. कोथिंबीर सगळ्यांना आली, मेथी दोघांनाच.

साडेदहा. ठसेकाम. भेंडी आडवी चिरली की आतली चांदणी कागदावर उमटते. बशीत पाणी जास्त झालं की ठसा पसरतो, बोट जोरात दाबलं की भेंडीच चेंगरते. किती दाबायचं हे सांगून कळत नाही, चार-पाच कागद वाया जावेच लागतात. एकाने मात्र टोमॅटोच्या फोडीचे ठसे ओळीत मारले, चार-चारच्या पाच ओळी. त्याचा बाप पिकअपने नारायणगावच्या बाजाराला माल नेतो. विचारलं, "किती टोमॅटो रे?" तर म्हणाला, "टोमॅटो नाय बाई, कॅरेट. वीस." एकही चुकला नव्हता.

अकरा. एक आजी दारातून विचारतात, "बाई, लिहायला कधी घेणार? इंग्लिश शाळेतली पोरं पन्नासपर्यंत लिवत्यात." हा प्रश्न दर आठवड्याला येतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालवाडी मांडली ती पाने, खडे, शिंपल्यांवर. आजींना तेवढं सांगत बसत नाही. नातवाची भेंडी हातात देते आणि म्हणते, तुम्हीच एक ठसा मारून बघा. त्यांचाही पहिला पसरलाच.

साडेअकरा. हात धुणे, खिचडी. खिचडीतला गाजराचा तुकडा आज कुणी बाजूला काढला नाही.

साडेबारा. मुलं गेली. पोषण ट्रॅकरवर माहिती भरायची, तर रेंज फक्त पिंपळाखाली. मग रजिस्टर, मग दोन गृहभेटी.

उद्या वर्गात बाजार भरवायचा आहे. पैसे म्हणून चिंचोके जमलेत, तराजू मात्र नाही. कुणाच्या माळ्यावर जुना, दोन पारड्यांचा पडला असेल तर सकाळी दहाच्या आत पाठवून द्या.